आधी ‘भू’ खोडा

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर दोन गोष्टी सांगितल्या. एक, अंक सणाचा आहे, वाचकाला प्रसन्न वाटलं पाहिजे. दुसरी, ‘सुरुंग’ हा शब्द मथळ्यात नको, ‘विहिरीच्या काठावरून’ असं काहीतरी बघा. पहिल्या गोष्टीचा प्रयत्न करतो म्हणालो. दुसरीबद्दल विचारलं, की माझं आडनावच सुरुंगवाले आहे, मग मथळ्याखाली लेखकाचं नाव काय छापणार? ते हसले आणि म्हणाले, लिहा तुम्ही. मथळ्यापुरतं मी त्यांचं ऐकलं असं त्यांना वाटत असेल तर वाटू दे.

मी इब्राहिम सुरुंगवाले, राहणार तिसगाव, तालुका पाथर्डी. उभं आयुष्य विहिरी फोडण्यात गेलं. लोक विहीर ‘खोदली’ म्हणतात. आमच्या भागात विहिरीचं वरचं पुरुषभर खोदतात. मुरूम संपला की खाली काळा दगड लागतो आणि तिथून पुढं विहीर फोडावी लागते. तो दगड पहारीला दाद देत नाही. त्याच्यात भोकं मारायची, भोकांत दारू भरायची, वर माती ठासायची आणि वात पेटवून वर यायचं. एवढं सांगितलं की धंदा संपला असं वाटतं. खरं काम त्याच्या आधीचं असतं. दगडाला शिरा असतात. लाकडाच्या ओंडक्याला असतात तशाच, फक्त दिसत नाहीत. पाणी मारून, हात फिरवून, हातोडीनं वाजवून त्या शोधाव्या लागतात. मधली भोकं आधी उडाली पाहिजेत, म्हणजे कडेच्या दगडाला सरकायला जागा होते. म्हणून वाती लांब-आखूड कापायच्या. मग आवाज एकामागून एक येतात आणि काठावर उभं राहून ते मोजायचे. भोकं जितकी, तितके आवाज आले तर धूर निवल्यावर खाली जायचं. एक जरी कमी आला तरी कुणीही उतरायचं नाही. या नियमाला मालक, मुकादम, मुहूर्त, काही म्हणजे काही आडवं येत नाही.

हल्ली बरेच जण विजेच्या तारेवर उडवतात. मी बहुतेक वातीवरच राहिलो. मला आवाज मोजायची सवय होती आणि सवयीवर माझा भरवसा होता. त्याच सवयीत डावा कान गेला, ते वेगळं.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. सोनईकडच्या एका बागायतदारानं पहिला बार झाल्यावर नाराज होऊन विचारलं होतं, एवढाच आवाज? शेजाऱ्याच्या विहिरीचा आवाज म्हणे बाजारापर्यंत ऐकू आला होता. मी सांगितलं की आवाज मोठा झाला म्हणजे दारू हवेत गेली. चांगला सुरुंग ओरडत नाही, जमिनीच्या पोटात एक हुंकार देतो आणि दगड जागच्या जागी भेगाळतो. त्याला पटलं नाही. शेवटच्या दिवशी त्याच्या समाधानासाठी मी पडक्या बांधात एक बार मुद्दाम मोठा उडवला. म्हशी उधळल्या, पण मालक खूश झाला.

आता त्या शब्दाकडे येतो. तिसगावच्या शाळेत मला मराठी शिकवणारे एक सर होते. माझं आडनाव हजेरीत पुकारताना बाकीची पोरं हसायची. एक दिवस सरांनी हजेरी थांबवली आणि तासभर त्या एका शब्दावर बोलले. ते मला आजही आठवतं. हा शब्द फार जुना, संस्कृतात ‘सुरुंगा’ म्हणून आहे, आणि जाणकारांचं म्हणणं असं की तो तिथंही बाहेरून आला, ग्रीकांच्या भाषेतून. त्यांच्याकडं त्याचा अर्थ पोकळ नळी, बोरू, पावा. आपल्याकडं आला तेव्हा जमिनीखालून काढलेली वाट असा अर्थ झाला. हिंदीत आजही सुरंग म्हणजे बोगदाच. मग तोफा आणि दारूचा काळ आला. किल्ल्याला वेढा घालणारे तटाच्या पायाखाली बोगदा न्यायचे, त्यात दारूची पोती रचायचे आणि बत्ती द्यायचे. बोगद्याचं नाव हळूहळू त्या स्फोटाला पडलं. इंग्रजांच्या ‘माइन’चंही तसंच झालं, असं सर म्हणाले. खाणीचा शब्द बाँबला गेला. पुढं ती वस्तू जमिनीत पुरून ठेवायला लागले तेव्हा आपण त्याला ‘भूसुरुंग’ म्हटलं, समुद्रात सोडली तेव्हा ‘पाणसुरुंग’. पण मूळ शब्दात बाँब नव्हता. नुसती पोकळ नळी होती.

त्या दिवसानंतर पोरं हसायची थांबली नाहीत, पण मी मान खाली घालायची थांबवली.

आमच्या घरात सांगतात की नगरच्या किल्ल्याला मोगलांचा वेढा पडला तेव्हा आमचा कुणीतरी पूर्वज सुरुंगाच्या कामावर होता. बाहेरून तटाखाली खणणाऱ्यांत होता की आतून ते सुरुंग हुडकून दारू उपसणाऱ्यांत, हे मात्र कुणी सांगत नाही. माझे आजोबा म्हणायचे, ज्यानं मजुरी दिली असेल त्याच्याकडून. मला ते खरं वाटतं.

आणि हा शब्द काही फक्त आमच्या घरात राहत नाही. कुठलीही निवडणूक येऊ द्या, पेपरात अमक्याच्या बालेकिल्ल्याला तमक्याचा सुरुंग असा मथळा येतोच. त्याबद्दल कुणाला नाक्यावर अडवलेलं मी ऐकलं नाही. मला अडवलं.

गर्भगिरीच्या डोंगराखाली, पाथर्डीच्या पुढं सुभेदार गर्जे यांची वस्ती आहे. सुभेदार फौजेत इंजिनिअरांच्या पलटणीत होते. निवृत्तीनंतर त्यांनी विहीर काढायला घेतली आणि मला बोलावलं. त्यांनीही सुरुंगाचं काम केलं होतं, पण त्यांचं दुसरं. सीमेवर वाळूत ते भूसुरुंग पेरायचे आणि तंटा निवळला की तेच उचलायचे. दुपारी काठावर चहा घेताना आमचं त्यावर बोलणं व्हायचं. आम्ही सुरुंग ‘भरतो’ किंवा ‘लावतो’, ते ‘पेरतात’. आमचा सुरुंग आम्ही बोलावल्यावर फुटतो, त्यांचा कुणाची तरी वाट बघत बसतो. पेरताना नकाशा काढतात, पण वारा वाळू हलवतो आणि नकाशा कागदावर राहतो. उचलताना त्यांच्या एका जोडीदाराचा पाय गेला होता. तो सुरुंग त्यांच्याच तुकडीनं पेरलेला होता. सुभेदार एकदा म्हणाले, “भाई, तुमचा एखादा राहिला तर तुमी माघारी जाता. आमी निघून गेलेलो असतो.”

त्याच विहिरीत एका संध्याकाळी एक आवाज कमी आला.

मी परत मनात मोजलं. फुटलेला दगड, म्हणजे डबर, वर ओढणाऱ्या यारीवरच्या मुकादमाला, बाबू त्याचं नाव, विचारलं. त्यानंही मोजले होते, त्याच्या मते पुरे आले होते. दोन एकदम झाले असतील, असं त्याचं म्हणणं. तसं होतंही कधी कधी. पण माझ्या उरलेल्या कानाला ते पटलं नाही. अंधार पडत आला होता. राहिलेल्या सुरुंगाला उकरायचं नसतं, ओढायचं नसतं. त्याच्यापासून सुरक्षित अंतरावर नवं भोक मारायचं आणि नव्याच्या धक्क्यानं जुना उडवायचा. ते दिवसाउजेडी आणि ज्यानं भरला त्यानंच करायचं. काठाला काटेरी फांद्या लावल्या. सुभेदार दुसऱ्या दिवशी तपासणीसाठी नगरच्या लष्करी दवाखान्यात जाणार होते, म्हणून त्यांच्या मंडळींना, सिंधूवहिनींना, सांगून ठेवलं, की मी येईपर्यंत आत कुणी जायचं नाही. त्यांनी बरं म्हटलं.

सकाळी मी ट्रॅक्टर घेऊन निघालो. मागं कॉम्प्रेसर, छिन्न्या, ठासायची लाकडी काठी आणि वातीचं भेंडोळं. दारू माझ्याजवळ नसते. ती परवान्याच्या गाडीतून थेट जागेवर येते. त्या दिवसांत नगरला कशावरून तरी वातावरण तापलं होतं आणि रस्त्यावर नाके लागले होते. एका तरुण शिपायानं हात केला, कुठं चाललात विचारलं. मी आयुष्यभर देत आलो तेच उत्तर दिलं, “एक सुरुंग राहिलाय, तो उडवायला चाललोय.”

त्याचा चेहरा बदललेला मी पाहिला. कारण मात्र लगेच ध्यानात आलं नाही. मग त्यानं नाव विचारलं. इब्राहिम सुरुंगवाले. पुढचं सगळं पटापट झालं. ट्रॅक्टर बाजूला, मोबाईल त्यांच्या खिशात, मी गाडीत. चौकीत नेईपर्यंत कुणीतरी माझा आणि वातीच्या भेंडोळ्याचा फोटो काढला होता. दुपारच्या आत तो मोबाईलवरच्या एका बातम्यांच्या पानावर लागला होता आणि वर मथळा होता, भूसुरुंगांसह एक ताब्यात, आणि खाली माझं पुरं नाव.

मला माझी फार काळजी नव्हती. परवाना खिशात होता, नगरला विचारलं की उलगडा होणार होता. मला काळजी विहिरीची होती. यारीचं भाडं दिवसावर असतं, बाबू मुकादम थांबणारा माणूस नाही. मी नाही आलो तर तो म्हणणार, सुरुंगवाल्याला काही काम निघालं, चला डबर उपसायला. आणि खाली पहार लागली की संपलं.

मी हवालदाराला सांगायला लागलो, की एक सुरुंग जिवंत आहे, मला लगेच गेलं पाहिजे. ते लिहीत होते. त्यांनी मान वर करून विचारलं, “कुठं पेरलाय?”

“पेरला न्हाई साहेब. लावलाय. हिरीत.”

त्यांनी लिहिलं ते मला उलटं दिसत होतं. पेरला असंच लिहिलं होतं. बाकावर माझ्या शेजारी भांडणातला एक माणूस बसवून ठेवला होता. तो माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला की चाचा, वकील येईपर्यंत तो शब्द तोंडातून काढू नका, प्रत्येक वेळी तुम्ही आणखी आत चाललात. माणूस शहाणा होता. त्याचं म्हणणं मला पुरतं कळलं. मी तोंड मिटून बसलो असतो तर दोन तासांत घरी गेलो असतो आणि त्या दोन तासांत विहिरीत कोण उतरलं असतं, ते देवाला ठाऊक. मी उठून उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, की सुरुंग आहे, मी लावला आहे, तो फुटला नाही, आणि मला किंवा तुमच्यापैकी कुणाला तरी तिथं जाऊन माणसं लांब करावी लागतील.

तेवढ्यात फौजदार आल्या. दराडे मॅडम, तिशीच्या आतबाहेरच्या. त्यांनी मला आत बोलावलं, दार ओढलं आणि खुर्ची दिली. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी मधे कुठं तोडलं नाही. मग म्हणाल्या, “चाचा, तुम्ही जे बोलताय त्याचा अर्थ काय होतो, कळतंय का तुम्हाला?”

“कळतंय मॅडम. गप बसलो तर काय होईल, ते पण कळतंय.”

“किती वेळ आहे आपल्याकडे?”

त्यांना घड्याळाचा बाँब वाटला असावा. मी म्हणालो, “त्याला वेळ नसतो. पहार लागली की जाईल. न्हाई लागली तर वरीसभर पडून राहील.”

त्यांनी सुभेदारांचा नंबर लावला, तो बंद होता. वस्तीवरचा नंबर वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पोलीसपाटील परगावी होता. मॅडमनी दोन क्षण विचार केला, वरच्या साहेबांना फोन करून कळवलं आणि मला जीपमध्ये घातलं. हातात बेडी नव्हती, पण दोन्ही बाजूंना शिपाई होते. रस्त्यात माझा कान बाहेर होता. लांबून एक आवाज येतोय का, एवढंच ऐकत होतो.

वस्तीवर पोचलो तर विहिरीभोवती गर्दी. जवळ गेलो तेव्हा दिसलं, की यारीच्या लोखंडी पायावर सिंधूवहिनी बसल्या होत्या. इंजिन सुरू करायचं हँडल त्यांच्या मांडीवर होतं. खाली उतरायची शिडी त्यांनी वर ओढून मागं टाकली होती आणि त्यावर त्यांची चुलत सून बसली होती. फोन का उचलला नाही ते तेव्हा कळलं. त्या सकाळपासून तिथून हलल्याच नव्हत्या. समोर बाबू मुकादम आणि त्याची माणसं, मागं वाड्यावस्त्यांवरचे लोक. मुकादमानं त्यांना मोबाईलवरची बातमी दाखवली होती, की बघा, तुमचा सुरुंगवाला कोण निघाला, तो आता येतो कशाला, उठा. कुणी सांगत होतं की ह्या विहिरीतच काहीतरी पुरलं असणार. वहिनी उठल्या नव्हत्या.

जीप थांबली, मी उतरलो, मॅडम पुढं झाल्या. वहिनींनी पदर नीट केला पण जागा सोडली नाही. मॅडमनी विचारलं, आत सुरुंग आहे हे तुम्हाला माहीत होतं का?

“म्हाईत म्हंजी? हीर माजी हाय. सुरुंग मीच लावायला सांगितला,” वहिनी म्हणाल्या. “धरायचं तर मला धरा. पर आधी इब्राहिमभाईंना खाली जाऊ द्या. त्यांच्याबिगर त्यो कुनाला घावायचा न्हाई.”

बातमीत माझं नाव आल्यापासून ते नाव कुणी एवढं सरळ उच्चारलं नव्हतं. मी विहिरीत बघायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

पण खाली जायची परवानगी एवढी सहज मिळणार नव्हती. वरच्या साहेबांचा हुकूम होता, की नगरहून बाँबशोधक पथक येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मला ते चुकीचं वाटलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. उन्हात सगळे बसून राहिलो. वहिनींनी पोलिसांना भाकरी आणि ठेचा दिला, मला दिला, मुकादमालाही दिला. हँडल मात्र मांडीवरच होतं.

पथक दुपार कलताना आलं. त्यांचे प्रमुख केस पिकलेले गृहस्थ होते. ते माझ्यासोबत काठावर आले. भोकं कुठं मारली, कुठल्या क्रमानं, कुठला राहिला असं वाटतं, सगळं विचारलं. मी काठावरून बोट दाखवलं. शिडी परत आत सोडली आणि आम्ही दोघं खाली उतरलो. डबराच्या कडेला, मी म्हटलं होतं तिथंच, अर्धी जळालेली वात दगडाच्या भेगेत दबली होती. त्यांनी वाकून पाहिलं, वर आले आणि मॅडमना म्हणाले की हे खाणकामाचं आहे, यांच्याकडे परवाना आहे, हे यांनीच करायचं. आम्ही थांबतो.

नाक्यावरून माझा ट्रॅक्टर आणवला आणि दारूची गाडी बोलावली. माझी होल मारणारी माणसं घाबरून घरी बसली होती, तेव्हा छिन्नी मीच धरली. कॉम्प्रेसरचा आवाज जन्माचा ओळखीचा, पण छिन्नी स्वतः धरून बरीच वर्षं झाली होती. वयही झालं होतं. नवं भोक मारलं, भरलं, माती ठासली, वात जोडली. लोकांना बांधाच्या पलीकडं नेलं. सगळ्यांच्या हातात मोबाईल वर धरलेले.

बार उडवायच्या आधी तीनदा पुकारा करायचा असतो. वाटेवरच्या माणसाला, गुराख्याला, झाडावरच्या पोराला कळावं म्हणून. पुकाऱ्याचे शब्द माझ्या बापाचे आणि त्याच्या बापाचे. मॅडम जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “चाचा, ओरडताना हवं तर ‘स्फोट’ म्हणा. लोक व्हिडिओ काढतायत.”

त्या माझ्या भल्यासाठीच सांगत होत्या. मी त्यांना म्हणालो, की डोंगराच्या त्या बाजूला कुणी शेळ्या राखत असेल, तर त्याला ‘स्फोट’ म्हटलेलं कळणार नाही. त्याला हाच शब्द कळतो. हा ऐकला की तो पळतो. मग मी काठावर उभा राहिलो, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि छाती भरून ओरडलो, “सुरुंग हायऽऽ, लांब व्हाऽऽ.” तीनदा. एवढ्या मोठ्यानं मी तरुणपणीही ओरडलो नसेन. तिसऱ्या वेळी घसा फाटला. डोंगरानं तो शब्द परत दिला आणि मला फार बरं वाटलं.

वात लावून वर आलो. आधी नव्याचा आवाज आला आणि त्याला चिकटून जुन्याचा. दोन्ही हुंकार, ओरडणं नाही. धूर वर आला. पथकाचे प्रमुख माझ्याकडं बघून दोन बोटं दाखवत होते. मीही दोन दाखवली. वहिनी उठल्या आणि हँडल मुकादमाच्या हातात दिलं. त्यानं ते घेतलं. नंतर त्यानंच माझ्यासाठी पाण्याचा तांब्या आणला.

चौकीवर परत गेलो. परवान्याची खातरजमा झाली होती, जबाब लिहून तयार होता, सही करा आणि जा. मी वाचला. त्यात लिहिलं होतं, ‘सदर इसमाने पेरलेला भूसुरुंग’. मी म्हणालो, ‘लावलेला’ करा आणि आधी ‘भू’ खोडा, मग सही करतो. हवालदार दमले होते, त्यांचंही बरोबर होतं. एका अक्षरानं काय बिघडतं, असं त्यांनी विचारलं. तुम्ही सुटलाय ना?

मी उभ्या उभ्या सांगितलं, “साहेब, भूसुरुंग माणसासाठी असतो. माझा दगडासाठी. त्या एका अक्षरात माणूस मरतो.”

रात्रीपर्यंत बसायची माझी तयारी होती. पण मॅडमनी कागद ओढून घेतला, दोन्ही ठिकाणी खोडलं, बाजूला आपली सही केली आणि मला पेन दिलं.

कागदावरचं खोडलं गेलं. मोबाईलवरचं नाही. सुभेदार नगरहून आल्यावर त्यांनी त्या बातमीच्या पानवाल्याला फोन करून फौजी भाषेत समजावलं. त्यानं ‘भूसुरुंग’ काढून ‘स्फोटके’ टाकलं आणि माझा फोटो तसाच ठेवला. सुटल्याची बातमी आली नाही. सुटलेल्या माणसाची कोण वाचणार?

त्यानंतर माझा फोन वाजायचा बंद झाला. ठरलेल्या दोन विहिरी गेल्या. एकानं सांगितलं, यंदा नको, पुढच्या साली बघू. दुसऱ्यानं काहीच सांगितलं नाही. मी मुकाट ट्रॅक्टर पुसत बसायचो. घरच्यांचं म्हणणं होतं की वयही झालंय, सोडा आता. सोडलं असतं तर ते भिऊन सोडल्यासारखं झालं असतं.

सगळ्यांत जड गेलं ते माझ्या मुलाचं. अल्ताफ नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर आहे. गळ्यात कार्ड, कार्डावर आडनाव. एका रविवारी तो आला आणि जेवण झाल्यावर म्हणाला की मी आडनाव बदलतोय, शेख करतोय, अर्ज दिलाय. तालुक्याच्या कचेऱ्यांत तेव्हा जिल्ह्याच्या नव्या नावाच्या पाट्या लागत होत्या. लोक तरीही नगरच म्हणत होते. मी त्याला सरांनी सांगितलेली सगळी कहाणी सांगितली, पोकळ नळी, किल्ला, आजोबा. त्यानं ऐकून घेतली. मग म्हणाला, “अब्बा, तुम्हाला त्या शब्दानं विहिरी दिल्या. मला काय दिलं? गेटवरचा माणूस रोज कार्ड उलटंसुलटं करून बघतो.”

चौकीत जेवढा ताठ उभा राहिलो तेवढं पोरापुढं राहता आलं नाही. त्यानं बदललं. मी अडवलं नाही आणि आशीर्वादही दिला नाही. आता घराच्या दारावर दोन आडनावं आहेत. टपालवाला विचारत नाही, एवढं बरं.

आणखीही खंत आहे. मी फोडलेल्या कितीतरी विहिरी आज चैत्रात कोरड्या असतात. शेजारी कुणी खोल बोअर घेतो आणि माझ्या दगडातलं पाणी खाली निघून जातं. मी पाणी आणलं असं कधी म्हणत नाही. वाट करून दिली, एवढंच. सुभेदारांच्या विहिरीला मात्र पाणी लागलं. वहिनींनी पहिला हंडा भरला तो आमच्या घरी धाडला. आम्ही त्या पाण्याचा चहा केला. मचूळ होता. सगळ्यांनी दोन-दोन कप घेतला.

मधे बरेच महिने गेले. ट्रॅक्टर विकायला काढावा का, असं मनात येत होतं. एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. शेवगावकडचा माणूस होता, आवाजावरून तरणा. आधी त्यानं गाव विचारलं, मग थांबला, मग म्हणाला, “मोबाईलवर आलतं, ते तुमीच का? बाँबवाले?”

घरातली सगळी माझ्याकडं बघत होती. अल्ताफही होता, सुट्टीचा आला होता. मी उठून अंगणात गेलो नाही. तिथंच बसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

“न्हाई. सुरुंगवाला बोलतोय. दगड कसा लागलाय, ते सांगा.”